चहा चांगला झालाय

शनिवार, ९ नोव्हेंबर

वन्सं यांस,

आईंना काल संध्याकाळी रुग्णालयात हलवलं. आमच्या वृद्धनिवासाचा नियम असा, की रहिवाशाच्या तब्येतीत गंभीर बदल झाला तर जवळच्या नातलगाला लेखी कळवायचं. निवासात दाखल होताना आईंनी जवळचं नातलग म्हणून तुमचं नाव सांगितलं होतं, मी समोर बसलेली असताना. माझा फोन तुम्ही दोन वर्षं उचललेला नाही. म्हणून हे पत्र, कुरियरने. दुसरं कारण नाही.

प्रकृतीचा तपशील असा. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. अंगातलं पाणी कमी झालं होतं. काल दुपारी रक्तदाब खाली आला, श्वास जलद झाला, हातपाय गार पडले. ताप नव्हता, या वयात पुष्कळदा येत नाही. निवासाच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच रुग्णवाहिका मागवली. सलाइन आणि प्रतिजैविकं चालू आहेत. रुग्णालयाच्या म्हणण्यानुसार दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही.

बदल अचानक झाला. लक्षात येताच जे करायचं ते आम्ही केलं.

भेटीची वेळ सकाळी अकरा ते बारा, संध्याकाळी पाच ते सात. तुम्ही यावं की नाही ते मी सांगणार नाही. मी आईंना इथे आणलं तेव्हा तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "दादा गेला आणि तू आईला अडगळीत टाकलीस, वहिनी." मी जिथे अधीक्षिका आहे तिथे, माझ्या नजरेखाली आणलं होतं, कारण घरी मी कामावर असताना त्या दोनदा पडल्या होत्या. हे सांगायच्या आत तुम्ही फोन ठेवलात. मीही ते नंतर लिहून कळवलं नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पण खाटेशी उभं राहिलं की आई माझ्याकडे बघतात, मग दाराकडे बघतात, आणि दाराकडेच बघत राहतात. एवढं कळवणं माझं काम.

वहिनी


मंगळवार, १२ नोव्हेंबर

वन्सं,

तुमची एक ओळ मिळाली. "आईला नक्की कधीपासून बरं नव्हतं?" मी जे लिहिलं नव्हतं नेमकं तेच विचारलंत. आईची लेक शोभता खऱ्या.

अचानक झालं हे खरं नाही. आठवडाभर होत होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि सगळ्यांत जवळून माझ्या.

इथली पद्धत तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. पाळी बदलताना आम्ही उभ्याने बोलतो. जाणाऱ्या मावशी येणाऱ्या मावशींना एकेका रहिवाशाबद्दल सांगतात. "काही विशेष नाही" हे शब्द मी बंद केलेत. जी ते म्हणेल तिने पुन्हा खोलीत जाऊन माणूस बघून यायचं. रोजचं माणूस कसं असतं ते ठाऊक असेल तरच आजचं वेगळेपण दिसतं, हे मी इतक्यांदा बजावते की पाठीमागे माझी नक्कल करतात. हेडमास्तरीण म्हणतात, तेही मला माहीत आहे. जेवण अर्धं टाकलं, सांगा. रोज खिडकीत बसणारं माणूस आज पडून राहिलं, सांगा. चप्पल उलटसुलट घातली, सांगा. पडणारा आणि ओरडणारा कुणालाही दिसतो. जो हळूहळू गप्प होतो तो आपण शोधावा लागतो. हे सगळं मी शिकवते.

आता आई. आईंचं रोजचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मी कामावर आले की पहिला चहा त्यांचा, आणि तो मी स्वतः करून नेते. पहिला घोट घेऊन त्या म्हणतात, "साखर पाहुण्यांसाठी राखून ठेवलीस वाटतं." नाहीतर, "पाणी छान गरम झालंय, आता त्यात चहा टाक." माझ्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली. तुमचे दादा जाऊनही वर्षं झाली. माझा चहा अजून एकदाही जमलेला नाही.

एक तारखेला, शुक्रवारी, त्यांनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "चहा चांगला झालाय."

मी ट्रे हातात धरून तशीच उभी. वाटलं, आता शेपूट येईल, "कुणी करून दिला?" शेपूट आलंच नाही. अर्धा कप त्यांनी बाजूला ठेवला. अर्धा कप राहिला हे मी पाहिलं, वन्सं. दुसऱ्या कुणाच्या खोलीत पाहिलं असतं तर मावशींना तिथल्या तिथे उभं करून विचारलं असतं.

संध्याकाळी पाळी बदलताना मावशी म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई आज शांत होत्या. छान होत्या." आणि माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. "काही विशेष नाही" मी बंद केलं होतं. "छान" बंद करायचं राहिलं होतं.

पुढचे दिवस सगळ्यांनाच बरे गेले. स्वयंपाक्याला मिठावरून बोलणी खावी लागली नाहीत. सुपाची वाटी अर्धी परत येत होती, पण बिनतक्रार येत होती. सिस्टरना गोळ्यांसाठी हुज्जत घालावी लागली नाही. समोरच्या खोलीत एक गृहस्थ आहेत, जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. आम्ही त्यांना कंडक्टरकाकाच म्हणतो. रोज दुपारी त्यांचा आणि आईंचा पत्त्यांचा डाव असतो आणि रोज ते हरतात, कारण आई पत्ते लपवतात. ते जिंकायला लागले. दुखणं एकीचं होतं आणि आराम ज्याला त्याला आपापल्या वाट्याचा मिळत होता. कोण कशाला बोलेल?

मला काय मिळालं तेही लिहिते. त्या माझा हात धरून बसायच्या. उठायला लागले की म्हणायच्या, "बस गं थोडी." एकदा गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "किती वाळलीस." मी वाळलेली नाही, कुठल्याही वजनकाट्याला विचारा. बुधवारी म्हणाल्या, "माझं चुकलं गं. मी तसं बोलायला नको होतं."

काय बोलायला नको होतं ते मी विचारलं नाही. बत्तीस वर्षांच्या ढिगातून एक काय निवडायचं? मी बाहेर आले, जिन्यात उभी राहून रडले, तोंड धुतलं आणि हजेरी घ्यायला गेले. त्यानंतर मी त्यांच्याजवळ जास्तच बसायला लागले. जितकी जास्त बसले तितकं कमी पाहिलं.

आठ तारखेला, शुक्रवारी दुपारी, कंडक्टरकाका ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, एक विनातिकीट प्रवासी पकडून द्यायचाय." त्यांचं बोलणं नेहमी असंच. पण चेहरा हसरा नव्हता.

"कोण?" मी विचारलं.

"मीच. आठवडाभर फुकट जिंकतोय. तुमच्या सासूबाई आताशा पत्ता लपवत नाहीत हो. आज मी त्यांच्या हातातले पत्ते उघड बघून खेळलो, तरी शिवी नाही. जिंकत होतो म्हणून बोललो नाही. आता लाज वाटते."

मी उठले. या वेळी माझ्यातल्या सुनेला दाराबाहेर ठेवलं आणि आत गेले. ओठ सुकलेले, जीभ खरबरीत. मनगटावर कातडीची चिमटी घेतली तर ती तशीच उभी राहिली. श्वास मोजला. वार विचारला. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तूच सांग."

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. तपासून झाल्यावर म्हणाल्या, "आजी अगदी शांत आहेत, गोड बोलतात. नेहमी अशाच असतात का?"

"त्या गोड नाहीत," मी म्हटलं. "कधीच नव्हत्या. तसं लिहून घ्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि लिहून घेतलं. कधीपासून, हेही विचारलं. त्यांना मी खरं सांगितलं. तुम्हाला 'अचानक' लिहिलं.

आज रक्तदाब सुधारतो आहे. माणसं अजून ओळखत नाहीत. तुम्ही रोज फोन करून चौकशी करता हे वॉर्डात कळलं. फोनपेक्षा वॉर्ड लांब आहे, पण इतकाही लांब नाही.

वहिनी


रविवार, १७ नोव्हेंबर

वन्सं,

आज सकाळी आईंनी रुग्णालयाचा चहा तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "हा कुणी केला? त्याला आत टाका." शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. मी नर्सच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं, सुधारणा आहे.

पुरती नाही. बसवायला दोन माणसं लागतात. वार विचारला की चिडतात, म्हणजे माहीत नसतो. दुपार उलटली की पुन्हा सगळं धूसर होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं काही परत येईल, काही येणार नाही, आणि त्यातलं कुठलं ते आज कळायचं नाही. शिवाय एकदा झालं म्हणजे पुन्हा होऊ शकतं. मी हेच वाक्य इतर घरच्यांना कितीदा ऐकवलं आहे. ऐकताना ते वेगळंच लागतं.

मी आईंना विचारलं, मागच्या आठवड्यात माझ्याशी बोलत होतात ते आठवतं का? म्हणाल्या, "तुझ्याशी बोलण्यासारखं काय असतं?" मला बरं वाटलं, आणि त्याच घटकेला वाईटही वाटलं. दोन्ही पुसून टाकण्यासारखी नव्हती.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. "माझं चुकलं" याच्यापुढे एक वाक्य होतं. त्या म्हणाल्या, "तू पिवळी छत्री घेऊन दारात उभी होतीस, आणि मी म्हटलं, आलीस तशी परत जा."

माझ्याजवळ पिवळी छत्री कधीच नव्हती.

तुमच्याजवळ होती. माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते, मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. तुम्ही नवऱ्याचं घर सोडून आला होतात, चपला भिजलेल्या. तुमचे दादा कामावर होते. आईंनी तेवढं एक वाक्य म्हटलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तुम्ही येत राहिलात, पण दादांना भेटायला. आईंशी हवापाण्याच्या पलीकडे बोलला नाहीत, आणि त्याही कधी बोलल्या नाहीत.

म्हणजे तो आठवडाभर त्यांनी माझा हात धरला होता तो तुमचा म्हणून. "किती वाळलीस" तुम्हाला होतं. "बस गं थोडी" तुम्हाला होतं. चहाचं मात्र अजून मला ठरवता येत नाही.

आता मुख्य. छत्री म्हटल्याबरोबर मला कळलं होतं. बुधवारीच. जवळच्या माणसाला दुसरंच कुणी समजणं, ही खूण मी मावशांना अगदी आरंभी शिकवते. ती दिसली की एक मिनिट थांबायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. मी शुक्रवारपर्यंत थांबले. मनाची समजूत घातली की म्हाताऱ्या माणसाचं होतं इकडचं तिकडे. खरं असं, की डॉक्टर आले असते, औषध लागू पडलं असतं, तर ते बोलणं बंद झालं असतं. मला अजून थोडं ऐकायचं होतं. दुसऱ्याच्या नावावर आलेलं का होईना. जिन्यात मी सुखाने रडले असं तुम्हाला वाटलं असेल. तसं वाटावं असंच मी लिहिलं होतं.

निवासाच्या व्यवस्थापक मंडळाला मी हे काल सांगितलं. माझं काय करायचं ते ते ठरवतील. तुम्हालाही काय ठरवायचं ते ठरवा. पण या. जे बोलल्या ते त्यांना आठवत नाही आणि शुद्धीत त्या ते पुन्हा म्हणतील असं मला वाटत नाही. ते तुमचं आहे. नुसतं पत्रातून नाही, समोर बसून तुमच्या हाती दिलं पाहिजे, आणि ऐकलेलं माणूस मी एकटीच आहे.

वहिनी


शुक्रवार, २९ नोव्हेंबर

वन्सं,

उद्या तुम्ही आईंना निवासातून घेऊन जाणार. तुमच्या समोर मला हे धड बोलता येत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. हे पत्र त्यांच्या सामानाबरोबर येईल.

तुम्ही वॉर्डात आलात तेव्हा मी पडद्यापाशी होते. मनात भलतं काहीतरी योजून ठेवलं होतं, की त्या तुम्हाला बघून रडतील, हात पुढे करतील. त्यांनी तुम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "केसांचं हे काय केलंस? आरसा विकलास की काय?" तुम्ही हसलात आणि मग खाटेची कड धरून खाली बसलात. त्या मला म्हणाल्या, "हिला पाणी दे, बघत काय राहिलीस." इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा आम्हा दोघींना एकाच वेळी ओळखलं होतं. मी पाणी आणायला गेले आणि मुद्दाम उशिरा आले.

बाहेरच्या बाकावर मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही पुन्हा सांगायला लावलंत. आणि मग विचारलंत, "वहिनी, तिचा आवाज कसा होता?" मी "चांगला होता," एवढंच म्हटलं. तुम्ही माझ्यावर चिडाल अशी तयारी ठेवली होती. तुम्ही म्हणालात, "मी असते तर मीही डॉक्टरला बोलावलं नसतं." त्याने मला आधार वाटला नाही. उलट धास्तीच बसली. ती का, ते पुढे लिहिते.

आईंना तुमच्याकडे न्यायचं म्हणालात तेव्हा मी पायऱ्यांचं काढलं, न्हाणीघराच्या दाराचं काढलं, तुम्ही कामावर असताना कोण, ते काढलं. सगळे मुद्दे बरोबर होते. तुम्ही एकेकाचा बंदोबस्त केलात आणि मला खरं कारण बोलता आलं नाही. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हिच्या शाळेत पुरे झालं. नाव काढून घ्या." तेव्हा तुम्ही दोघी एकदमच हसलात, एकसारख्या.

मंडळाने मला ठेवलं आहे. यापुढे स्वतःच्या माणसाची जबाबदारी कुणाही कर्मचाऱ्याकडे नसेल, असा नियम केला. तो मीच सुचवला. ज्याच्यासाठी सुचवला ते माणूस उद्या जातं आहे. पाळी बदलताना "छान" म्हणायला बंदी घातली आहे. मावशींनी विचारलं, मग खरंच छान असेल तर काय म्हणायचं? मी म्हटलं, काय खाल्लं, किती प्यायल्या, कुणाला काय बोलल्या ते सांगा. छान की नाही ते आपण बघू.

आता धास्ती. आई तुमच्याकडे रुळतील, टोचून बोलतील, तुम्ही दोघी भांडाल. ते सगळं ठीक. पण एखाद्या सकाळी त्या तुमचा हात धरतील. तुम्ही त्या हाताची बत्तीस वर्षं वाट पाहिली आहे. तुम्हाला वाटेल, आलं एकदाचं. आणि ते खरंच आलेलं असेल की अंगात पुन्हा काही पसरत असेल, हे त्या हातावरून कळणार नाही. मला कळलं नाही, आणि माझा तर तो धंदा आहे.

आजारात बोलल्या म्हणून ते खोटं का? बरं असताना जे दाबून ठेवलं तेच आजारात वर आलं असेल, तर खरं कुठलं म्हणायचं? मी रोज याचा विचार करते आणि रोज वेगळीकडे जाऊन पोचते. तुमचं काही ठरलं तर कळवा. फोन केलात तर उचलेन.

सोबत सुपूर्त केल्याची नोंद जोडते. इथून जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर ती जाते. एरवी एवढी लांबत नाही.

वहिनी


सुपूर्त केल्याची नोंद
शनिवार, ३० नोव्हेंबर, सकाळ

चष्मा, एक. डावी काडी दोऱ्याने बांधलेली. नवा करून मागतील. करून दिला तर घालणार नाहीत.

काठी, एक. चालण्यापेक्षा बोट दाखवायला वापरतात. उठताना मात्र हातात द्यावी.

औषधं, वेळेच्या कागदासह. गोळी देताना हुज्जत घालतात. निमूटपणे घेतली तर कळवावं.

कप, एक. काठोकाठ भरू नये. किती उरला ते दर वेळी बघावं.

पत्त्यांचा जोड, एक. बदामाची राणी कमी. ती उशीच्या अभ्र्यात असते. आपल्याला माहीत आहे हे दाखवू नये. कंडक्टरकाकांनी निरोप दिला आहे: "डाव अर्धा राहिलाय, सुटे घेऊन या."

पाणी: मागत नाहीत. विचारलं तर नको म्हणतात. न विचारता हातात द्यावं.

जेवण: मीठ नेहमी चुकलेलं असतं. चुकलेलं नसेल त्या दिवशी ताट तपासावं.

चहा: नावं ठेवतील. चांगला झालाय म्हणाल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.

हात धरला, गालावरून फिरवला, चुकलं म्हणाल्या, तर आधी नाडी बघावी, श्वास मोजावा, वार विचारावा. मग रडावं.

बुधवार, ६ नोव्हेंबर रोजी त्या जे बोलल्या ते मूळ मालकिणीला तोंडी दिलं आहे. प्रत माझ्याकडे ठेवलेली नाही.

देणार: वहिनी
घेणार: लेक